डॉक्टरांसमोर बीपी १६८, सुई टोचली की ८४: एकाच माणसात दोन्ही कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. वय ४६, बँकेतली नोकरी. दवाखान्यात बीपी १६८/९८ निघालं, घरच्या मशीनवर मात्र १२६/८० च्या आसपास असतं. गेल्या महिन्यात रक्त तपासायला गेलात. सुई टोचली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि शुद्धीवर आलात तेव्हा कुणीतरी तुमचे पाय वर धरून उभं होतं. तेव्हाचं बीपी ८४/५०. डॉक्टर एवढंच म्हणाले की हे सगळं ब्रेनस्टेमचं काम. आता तुमचं म्हणणं असं: माणूस एकच, भीती एकच, मग एकदा वर आणि एकदा खाली कसं? टेन्शनने बीपी कायमचं मागे लागतं का? आणि प्राणायामाने गोळी टळेल का?

डॉक्टर बरोबर बोलले, पण घाईत बोलले. मी फिजिशियन आहे, आणि त्याआधी काही वर्षं मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवलं. या विषयावर दरवर्षी प्रश्न यायचा आणि मुलं बाणांची आकृती पाठ करून यायची. बाण सगळे बरोबर असायचे. पण तोंडी परीक्षेत "पलंगावरून उठल्यावर तुला चक्कर का येत नाही?" असं विचारलं की बहुतेक जण गप्प. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

सकाळी तुम्ही अंथरुणातून उठून उभे राहता तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त, म्हणजे तीन-चार फुलपात्री भरतील एवढं, छातीतून खाली पोटाच्या आणि पायांच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त तेवढं घटतं. काहीच हालचाल झाली नाही तर मोरीपर्यंत पोचायच्या आत तुम्ही खाली पडाल. पडत नाही, कारण पुढच्या एक-दोन ठोक्यांतच ही घट टिपली जाते. टिपणारी जागा दोन ठिकाणी आहे. एक मानेच्या दोन्ही बाजूंना, कॅरॉटिड धमनी जिथे दुभंगते तिथला फुगीर भाग, आणि दुसरी हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत. तिथल्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं विणलेली असतात. ती दाब मोजतात असं आपण म्हणतो खरं, पण त्यांना दाब कळत नाही, भिंत किती ताणली गेली एवढंच कळतं. हा ताण ओळखणारी प्रथिनं, पिझो-१ आणि पिझो-२, उंदरांमध्ये हेच काम करतात हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. पिझोचा शोध लावणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. भिंतीच्या ताणाची ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण वय झालं की धमन्या ताठ होतात, भिंत पुरेशी ताणलीच जात नाही, आणि टिपणारी टोकं मंदावतात. आजोबांना उठल्यावर गरगरतं त्याचं एक कारण हे.

मानेतला निरोप नवव्या आणि कमानीतला दहाव्या मज्जातंतूवरून वर जातो. दहावा म्हणजे व्हेगस. दोन्ही पोचतात ब्रेनस्टेममध्ये. मेंदू आणि मेरुरज्जू यांना जोडणारा, अंगठ्याएवढा जाड देठ म्हणजे ब्रेनस्टेम. त्याच्या सगळ्यात खालच्या भागाला शाळेच्या पुस्तकात मस्तिष्कपुच्छ म्हणतात, आम्ही मेडुला म्हणतो. त्याच्यावर पॉन्स, त्याच्यावर मिडब्रेन. रक्तदाबाची मुख्य कचेरी मेडुलात आहे हे १८७० च्या दशकात लाइपझिगमध्ये कार्ल लुडविगच्या प्रयोगशाळेत कळलं. ओव्सियानिकोव्ह आणि डिट्मार यांनी प्राण्यांचा मेंदू वरून खाली टप्प्याटप्प्याने कापत नेला. वरचा सगळा भाग तोडला तरी दाब टिकून राहिला, आणि एका ठरावीक पातळीखाली सुरी गेली की धाडकन कोसळला. डिट्मारने १८७३ मध्ये मेडुलाच्या पुढच्या-बाहेरच्या भागाकडे बोट दाखवलं होतं. तिथला नेमका पेशीसमूह हाती लागायला आणखी शंभर वर्षं गेली.

आता कासरा आठवा. हृदयाचा बैल मुळात पळणारा आहे. सगळे मज्जातंतू काढून घेतले तर ते मिनिटाला ९०-१०० ठोके मारतं. प्रत्यारोपण केलेल्या हृदयात हे रोज दिसतं, तिथे मज्जातंतू जोडलेलेच नसतात. तुमची नाडी ७० आहे ती मेडुलाने व्हेगसचा कासरा ताणून धरलाय म्हणून. उठून उभं राहिलात की मेडुला कासरा नुसता सैल सोडतो आणि पुढचाच ठोका लवकर पडतो. रक्तवाहिन्यांचं तंत्र वेगळं. त्यांच्याकडे अनुकंपी (सिंपथेटिक), म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंचा प्रवाह सतत चालू असतो, अर्धवट उघड्या नळासारखा, आणि म्हणूनच वाहिन्या कायम थोड्या आवळलेल्या असतात. नळ उघडला की आणखी आवळतात, बंद केला की सैलावतात. याला मात्र काही सेकंद लागतात. नाडी आधी धावते, वाहिन्या मागून आवळतात.

या नळाची चावी मेडुलाच्या पुढच्या-बाहेरच्या भागात वरच्या बाजूला आहे. नाव लांबलचक, वॉर्डात सगळे आरव्हीएलएम म्हणतात. तिथल्या पेशी मेरुरज्जूच्या छातीच्या भागात थेट तंतू पाठवतात आणि तिथून निरोप हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंड, ॲड्रेनल ग्रंथी यांच्याकडे फुटतो. मानेतून आलेला निरोप आधी उतरतो मेडुलाच्या मागच्या बाजूला, एनटीएस नावाच्या केंद्रात. इथे एक गंमत आहे, आणि मुलं परीक्षेत नेमकी इथेच घसरायची. एनटीएस आरव्हीएलएमला स्वतः गप्प बसवत नाही. तो खालच्या एका मधल्या केंद्राला जागं करतो आणि ते मधलं केंद्र गाबा नावाचं रसायन सोडून आरव्हीएलएमला दाबतं. साहेब स्वतः ओरडत नाहीत, हेडक्लार्कला सांगतात आणि हेडक्लार्क ओरडतो. म्हणजे दाब वाढला, भिंत ताणली, एनटीएस जागा, हेडक्लार्क जागा, आरव्हीएलएम गप्प, वाहिन्या सैल. त्याच वेळी एनटीएस व्हेगसच्या केंद्रालाही हाक मारतो आणि नाडी उतरते. उभं राहिलात की हेच सगळं उलट.

मग हे सगळं कापून टाकलं तर? बहुतेकांचं उत्तर येतं की बीपी कायमचं चढेल. १९७३ मध्ये अमेरिकेत मिसिसिपीच्या जॅक्सनला, आर्थर गायटन यांच्या प्रयोगशाळेत, ॲलन काउली आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या मानेतले आणि कमानीतले हे मज्जातंतू तोडले आणि नंतर चोवीस तास सलग दाब नोंदवला. सरासरी जेमतेम थोडी वाढली. पण चढउतार भयंकर झाले: कुत्रं उठलं की खाली, कुणी खोलीत आलं की वर, खाल्लं की वेगळं, झोपलं की वेगळं. मला विचाराल तर या विषयावरचा हा एकच प्रयोग पाठ ठेवावा. ब्रेनस्टेमचं हे यंत्र रक्तदाब किती असावा हे फारसं ठरवत नाही, तो क्षणोक्षणी किती हलावा ते ठरवतं. माणसातही असं होतं. मानेच्या कॅन्सरला दिलेल्या किरणोपचारांनंतर किंवा त्या जागेच्या ऑपरेशननंतर काहींचं हे यंत्र बंद पडतं. मग बीपी कधी २२०, तर झोपेत ९०. असे रुग्ण बिचारे "मानसिक आहे" म्हणून वर्षानुवर्षं फिरत राहतात.

आणखी एक खोड. या यंत्राला नॉर्मल म्हणजे काय हे माहीत नसतं. महिनाभर बीपी १६० राहिलं की ते १६० लाच घरचं मानतं आणि त्याच्याच आजूबाजूला इमानदारीने राखत बसतं. खरं तर महिनाभरही लागत नाही, काही मिनिटांपासूनच काटा सरकायला लागतो. म्हणून "माझं शरीर आपोआप बीपी खाली आणेल" ही आशा फुकट आहे. उलट गोळी सुरू केल्यावर पहिले दहा-बारा दिवस अंगात त्राण नाही असं वाटतं तेही यामुळेच. काटा १६० वर अडकलेला असतो आणि त्याला १३० म्हणजे दुष्काळ वाटतो. लोक नेमकी त्याच वेळी गोळी सोडतात.

आता तुमचे १६८. भीतीचा निरोप मेंदूच्या वरच्या भागातून, अमिग्डाला आणि हायपोथॅलॅमसमधून, मिडब्रेनमधल्या एका करड्या पट्ट्याकडे येतो. मधोमध एक बारीक नळी आहे, तिच्याभोवती हा पट्टा गुंडाळलेला असतो. तिथून निरोप आरव्हीएलएमला: उघड नळ. वाहिन्या आवळतात, नाडी धावते, ॲड्रेनल ग्रंथीतून ॲड्रेनलिन सुटतं. वॉल्टर कॅननने १९१५ मध्ये याला लढा किंवा पळा असं नाव दिलं, ते अजून टिकून आहे. पण तुम्ही विचाराल, दाब वाढला की एनटीएसने तो पाडायला नको? पाडत नाही, कारण वरून हुकूम येतो तेव्हा काटाच वर सरकवला जातो. यंत्र चालू असतं, फक्त आता ते १६८ राखतं. हे बिघाडाचं लक्षण नाही. बैल अंगावर आला असताना मेडुला "दाब वाढला, कमी करा" म्हणत बसला असता तर आपले पूर्वज बांधावरच आडवे झाले असते. पांढरा कोट हा तुमचा बैल, एवढंच.

हा परिणाम किती मोठा असतो? मिलानमध्ये ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये धमनीत बारीक नळी ठेवून दाब सलग मोजला आणि मध्येच डॉक्टर खोलीत पाठवला. वरचा आकडा सरासरी २७ ने चढला, काहींचा ७० च्याही वर. शिखर पहिल्या चारेक मिनिटांत, मग हळूहळू उतार. नंतरच्या अभ्यासात दिसलं की नर्स आली तर वाढ कमी. म्हणून माझ्या ओपीडीत पहिलं बीपी मी घेतच नाही, सिस्टर घेतात, तेही रुग्णाला पाच मिनिटं गप्प बसवून. आमच्या सिस्टरांना याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

ताणाच्या गोष्टीत पॉन्समधली आणखी एक जागा येते, लोकस सेरुलियस, अर्थ निळी जागा. ताज्या मेंदूत खरंच निळसर दिसते. पेशी मोजक्याच, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत पोचतात आणि नॉरॲड्रेनलिन हे चेतवणारं रसायन सोडतात. रात्री दाराची कडी वाजली की झोप खाडकन उतरते ती या जागेमुळे. दुसरीकडे एनटीएसमधून हायपोथॅलॅमसला निरोप जाऊन कॉर्टिसॉलची सावकाश चालणारी साखळी सुरू होते, ती मिनिटं-तासांची गोष्ट. कॉर्टिसॉलबद्दल सध्या इतकं बोललं जातं की मी इथे थांबतो.

आता सुईवाला भाग. मिडब्रेनमधला तो करडा पट्टा एकजिनसी नाही. त्याच्या वरच्या-बाजूच्या उभ्या पट्टीला चेतवलं तर प्राणी पळतो किंवा अंगावर येतो आणि दाब चढतो. खालच्या-बाजूच्या पट्टीला चेतवलं तर तो निपचित होतो, नाडी मंदावते, दाब पडतो. हे प्राण्यांमधले प्रयोग आहेत, तुमच्या सुईच्या वेळी नेमकं तिथेच काय झालं हे कुणी पाहिलेलं नाही. पण एकच ब्रेनस्टेम धोक्याला दोन उलटी उत्तरं देऊ शकतो एवढं यातून नक्की कळतं. माणसात या कोसळण्याला व्हॅसोव्हेगल हे नाव थॉमस लुईस यांनी १९३२ मध्ये रूढ केलं. व्हॅसो म्हणजे नळ अचानक बंद होऊन वाहिन्या सैल पडणं, व्हेगल म्हणजे कासरा गच्च ओढला जाणं. बहुतेकदा आधी काही क्षण दाब आणि नाडी चढते आणि मग दोन्ही धडाधड उतरतात. उंची, अंधार, कुत्रा, विमान या सगळ्या भीतींमध्ये बीपी चढतं. रक्त-सुई-जखम यांची भीती ही एकच अशी की जिच्यात ते कोसळून माणूस पडतो. हे घराण्यात चालतं. वडिलांना विचारून बघा, बहुधा तेही कधीतरी रक्तदान शिबिरात आडवे झाले असतील.

म्हणजे तुमच्यात दोन आजार नाहीत. डॉक्टर समोर बसलेला असताना तुमच्या ब्रेनस्टेमने पहिलं उत्तर दिलं, सुईच्या वेळी दुसरं.

सुईच्या चक्करवर एक साधा, तपासलेला उपाय आहे आणि तो फार कमी जणांना सांगितला जातो. स्वीडनच्या लार्स-योरान ऊस्ट यांनी १९८० च्या दशकात तो बसवला. हात, छाती आणि पाय यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद कडक आवळून धरायचे, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत. मग सैल सोडायचं, पण पूर्ण ढिलं पडायचं नाही. वीस-तीस सेकंदांनी पुन्हा. असं पाच वेळा. घरी आठवडाभर सराव करायचा आणि सुईच्या वेळी दुसऱ्या हाताने व पायांनी करायचं. आवळलेले स्नायू शिरांतलं रक्त वर ढकलतात आणि दाब टिकतो. इथे "रिलॅक्स व्हा, दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला उलटा पडतो. आधीच सैल पडणाऱ्या माणसाला आणखी सैल करायचं कशाला?

आणि कुणी चक्कर येऊन पडलं तर त्याला आडवंच राहू द्या, पाय वर करा. आपल्याकडे चार जण मिळून त्याला खुर्चीत बसवतात आणि तोंडावर पाण्याचा पेला लावतात, म्हणजे मेंदूला जे थोडं रक्त मिळत होतं तेही जातं. बसवून ठेवलेल्या माणसाला हातापायांचे दोन-चार झटकेही येतात, मग कुणीतरी कांदा-चप्पल आणतं आणि "फिट आली" असा शिक्का बसतो. फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं खात असलेले पण खरं तर निव्वळ व्हॅसोव्हेगल असलेले रुग्ण मी बरेच पाहिलेत. झटके काही सेकंदांचे, आधी घाम आणि अंधारी, शुद्ध आल्यावर लगेच नीट ओळखणं, ही त्यांची खूण. मात्र झोपलेले असताना, जिना चढताना किंवा पळताना शुद्ध हरपली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून हृदयाची तपासणी आधी.

ब्रेनस्टेम नेमकं काय करतं ते त्याची तार तुटलेल्या माणसात सगळ्यात लख्ख दिसतं. नारळाच्या झाडावरून पडून मानेखाली मेरुरज्जू दुखावलेला एक तरुण माझ्याकडे होता. सुरुवातीच्या दिवसांत त्याचा वरचा आकडा ८०-९० च्या वर जात नव्हता, कारण आरव्हीएलएमचा निरोप खाली पोचतच नव्हता. काही महिन्यांनी तो एका रात्री कपाळ फुटेल असं डोकं दुखतंय म्हणून आला. बीपी २३०/१२०, नाडी ४८, चेहरा लाल, मानेच्या वर घामाच्या धारा आणि खाली पाय गार. ज्युनियर डॉक्टर सलाईनमधून औषध भरायला धावला. मी आधी लघवीची नळी बघितली. ती मुडपली होती. मूत्राशय तुडुंब. मेरुरज्जूच्या खालच्या तुकड्याने भरलेल्या मूत्राशयाला उत्तर म्हणून वाहिन्या आवळल्या होत्या, मेडुलाला वरून दाब दिसत होता, तो नळ बंद करायला सांगत होता, पण निरोप जखमेपाशीच अडत होता. शाबूत होता तो एक व्हेगस, कारण तो मेरुरज्जूतून जातच नाही. म्हणून नाडी ४८. रुग्णाला बसवलं, नळी सरळ केली, लघवी मोकळी झाली आणि दहा मिनिटांत बीपी उतरलं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना हे माहीत हवं. डोकं दुखलं की आधी बसवा, मग नळी बघा, मग गॅस-शौच बघा.

उलटा प्रकार कोकणातला. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंच्या टोकांनाच चेतवतं आणि वाहिन्या आवळणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचा लोंढा सुटतो. इथे मेडुला बिचारा कितीही नळ बंद करो, पाणी नळातून येतच नाहीये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही साधी गोळी अशा रुग्णांना देऊन वाहिन्यांवरचा परिणाम तिथल्या तिथे अडवला आणि विंचूदंशाचे मृत्यू रोखले.

औषधांचा विषय निघालाच आहे तर मुंबईचं एक देणं सांगायला हवं. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे जुन्या काळापासून वापरात. के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ५० रुग्णांवरचा तिचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि रक्तदाबाच्या उपचारांत तिला जागा मिळाली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरॲड्रेनलिनचा साठाच रिकामा करतं, मेंदूतलाही. बीपी उतरायचं, पण काही रुग्ण उदास व्हायचे. म्हणून ते मागे पडलं. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" म्हणून कुणी सर्पगंधा घेत असेल तर हे लक्षात ठेवावं. थेट ब्रेनस्टेमवर काम करणारं औषध म्हणजे क्लोनिडिन. १९६० च्या दशकात ते नाक मोकळं करणारे थेंब म्हणून तयार होत होतं आणि थेंब घेतलेल्यांना झोप लागून बीपी पडलं तेव्हा त्याचा खरा उपयोग कळला. ते नळाची चावीच घट्ट करतं. म्हणूनच ते अचानक सोडलं की नळ उसळून उघडतो. गावी लग्नाला जाताना गोळ्या घरी विसरलेल्या एका काकांना तिसऱ्या दिवशी २२०/१३० घेऊन मांडवातून उचलून आणलं होतं. ही गोळी चालू असेल तर ती पाकिटात ठेवा, बॅगेत नको.

टेन्शनने कायमचं बीपी लागतं का? मराठीत आपण "टेन्शन" हा शब्द मनाच्या ताणाला वापरतो आणि "हायपरटेन्शन" हे रक्तदाबाचं नाव, त्यामुळे निम्मा घोळ शब्दातच आहे. ताणाने चढलेलं बीपी तास-दोन तासांत उतरतं. महिनोन्महिने दाब कुठे राहील हे मुख्यतः मूत्रपिंड ठरवतं: मीठ आणि पाणी बाहेर टाकण्यासाठी त्याला किती दाब लागतो त्यावर. पण आरव्हीएलएमचा निरोप घेऊन मज्जातंतू मूत्रपिंडालाही जातात, दाब वाढवणारं रेनिन सोडायला लावतात, मीठ धरून ठेवायला लावतात. म्हणून ब्रेनस्टेमला दीर्घ काळात काहीच बोलायचं नाही असं म्हणणं चूक ठरेल. हे तंतू जाळून बीपी उतरवायची पद्धत निघाली, २०१४ च्या मोठ्या चाचणीत खोट्या प्रक्रियेपेक्षा ती सरस ठरली नाही, नंतरच्या चाचण्यांत माफक फरक दिसला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. माफक हा शब्द महत्त्वाचा. रोजच्या ओपीडीत मला नळ उघडा ठेवणारं जे कारण सगळ्यात जास्त सापडतं ते मनाचं नसतंच, ते घोरणं असतं. झोपेत श्वास अडतो, ऑक्सिजन घसरतो, मानेतल्या दुसऱ्या एका गाठीतून निरोप एनटीएसला जातो आणि रात्रभर आरव्हीएलएम चेतत राहतो. सकाळी बीपी जास्त, दिवसा पेंग. तुम्ही घोरता का, हे तुम्ही लिहिलं नाही. बायकोला विचारा.

प्राणायामाचं तुम्ही विचारलंत ते चेष्टेवारी नेण्यासारखं नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं तेव्हापासून आसनं आणि श्वास यांची मोजमापं घ्यायची परंपरा आपल्याकडे आहे. रक्तदाबाला दहा सेकंदांची एक नैसर्गिक लाट असते. मिनिटाला सहा श्वास घेतले की श्वासाची लाट तिच्याशी जुळते आणि मघाचं टिपणारं यंत्र जास्त तल्लख होतं. इटलीत लुचानो बेर्नार्दी यांनी २००१ मध्ये लॅटिनमधली जपमाळ आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हे दोन्ही म्हणायला लावून मोजलं, तर दोन्हींनी श्वास सहाच्या आसपास आणला आणि यंत्राची संवेदना वाढली. मेडुलात श्वासाची लय ठरवणारा पेशीसमूह १९९१ मध्ये सापडला. २०१७ मध्ये उंदरांत असं दिसलं की त्यातल्या काही पेशी थेट त्या निळ्या जागेला निरोप देतात, आणि त्या काढल्या तर उंदीर शांत बसून राहतात. श्वास आणि सावधपणा यांच्यात तार आहे ती अशी, माणसात मात्र ती अजून एवढ्या नेमकेपणाने दाखवलेली नाही.

पण हिशेब सांगतो. रोज पंधरा मिनिटं सावकाश श्वास, चार मोजून आत आणि सहा मोजून बाहेर, काही आठवडे केलं तर वरचा आकडा काही अंशांनी उतरू शकतो. १५५ चं १२५ होत नाही. गोळी चालू असेल तर ती चालू ठेवून करा. आणि भराभर कपालभाती म्हणजे हे नव्हे, बीपी चढलेलं असताना ती किंवा श्वास कोंडून धरणं नकोच. मानेतली नाडी चोळून बीपी उतरवायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी मुळीच लागू नका. तिथे दोन्ही बाजूंनी दाबलं तर मेडुला कासरा इतका ओढू शकतो की हृदय काही सेकंद थांबतं, आणि धमनीत चरबीचा थर असेल तर त्याचा तुकडा सुटू शकतो.

तुमच्यापुरतं आता. घरच्या मशीनवर सात दिवस सकाळी गोळी-चहाच्या आधी आणि संध्याकाळी, बसून पाच मिनिटं झाल्यावर, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. १३५/८५ च्या खाली असेल तर हा पांढऱ्या कोटाचा प्रकार आहे, गोळी आज नको, पण वर्षातून एकदा हाच आठवडा पुन्हा करा, कारण असे काही जण पुढे खऱ्या बीपीकडे जातात. शंका राहिली तर चोवीस तासांचं मशीन लावून घ्या, त्यात झोपेतलं बीपीही कळतं. एकदा उभं राहून एक आणि तीन मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडत असेल, विशेषतः मधुमेह असेल किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

आणि पुढच्या वेळी रक्त द्यायला गेलात की खुर्चीत बसू नका. मी झोपून देतो, असं आधीच सांगा. लॅबवाल्यांना त्यात काही नवल वाटत नाही.